पाण्याला वाट, उकिरड्याला वारा

कोकणातल्या पावसाचे कौतुक करणारी बहुतेक मंडळी तो पाऊस गाडीच्या किंवा घराच्या खिडकीतून पाहतात. ज्याच्या परसात चार कोंबड्या आणि एक उकिरडा आहे, त्याला हे कौतुक जरा बेतानेच करावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे आपण शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेले असते. त्याचा अर्थ मात्र परसात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. तेव्हा खाटेएवढ्या, म्हणजे दोन चौरस मीटरच्या उकिरड्यावर मृगापासून हस्तापर्यंत आभाळ सहा हजार लिटर पाणी ओतते. एवढे पाणी अंगावर घेऊन ज्याला कुजून खत व्हायचे आहे, त्या बिचाऱ्याची अवस्था काय होत असेल?

'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' असे आपल्याकडे म्हणतात. उकिरड्याचेही दिवस पालटतात, हा त्याचा अर्थ. पण तो भाबडा आशावाद देशावर ठीक आहे. कोकणात उकिरड्याची दैना दर पावसाळ्यात नव्याने सुरू होते, आणि ती फिटायची तर बारा वर्षे वाट पाहून चालत नाही. त्यासाठी हातात कुदळ घ्यावी लागते.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन दापोली तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा कोंबडी आणि माझा संबंध ताटापुरताच होता. सासूबाईंच्या मात्र बारा-चौदा गावठी कोंबड्या होत्या, आजही आहेत. घरचा आंबा, सुपारी, भात यांचा हिशेब पुरुषमाणसांच्या वहीत असतो. अंड्यांचा पैसा मात्र सासूबाईंच्या डब्यात पडतो, आणि तो कसा खर्च करायचा हे त्यांना कोणी विचारत नाही. नातीची शाळेची छत्री, माहेरी जाताना एसटीचे तिकीट, गौरीला ओवश्याची सुपे हे सारे त्या डब्यातून येते. म्हणून या कोंबड्यांवर संकट आले की ते नुसते कोंबड्यांवरचे राहत नाही.

त्यांची पद्धत साधी आणि जुनी. फणसाखाली आठ बाय दहा फुटांची जागा चिऱ्याच्या एका थराने बांधून घेतलेली. खुराड्यातली रोजची घाण, स्वयंपाकघरातली साले-देठे, उष्टे-खरकटे, अंगणातला पातेरा असे सगळे त्या चौकोनात पडते. सकाळी खुराड्याचे दार उघडले की कोंबड्या थेट तिथे धावतात. दिवसभर उकरतात, किडे-अळ्या वेचतात, खालचे वर आणि वरचे खाली करतात. खत वरखाली करायला शेतकऱ्याला मजूर लावावा लागतो. इथे मजूर स्वतःच्या पायाने येतात आणि वर अंडी देतात. दिवाळीपर्यंत तळाशी काळेभोर, मातीसारख्या वासाचे खत तयार होते. ते चाळून पोफळींना, नारळाला आणि हिवाळी वांग्यांना घालायचे.

ओले किती, कोरडे किती

या सगळ्या कारभाराचे मर्म पाण्यात आहे. उकिरडा कुजवतात ते जीवाणू आणि बुरश्या, आणि त्यांना ओल हवीच. वजनाने निम्मी ते साठ टक्के ओल असली की त्यांचे काम छान चालते. ती मोजायला यंत्र लागत नाही. उकिरड्याच्या पोटातला मूठभर ऐवज काढायचा आणि घट्ट पिळायचा. बोटांच्या फटींत ओल दिसली, फार तर एखाददुसरा थेंब आला, तर उत्तम. मूठ उघडताच सारे भुरभुरले तर कोरडे झाले. आणि पिळल्यावर धार लागली तर समजावे की उकिरडा बुडतो आहे.

बुडतो हा शब्द मी शब्दशः वापरते आहे. ढिगातल्या फटींत हवा असते, तिच्यावर हे जीव जगतात. त्या फटी पाण्याने भरल्या की प्राणवायू आत पोचेनासा होतो, कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मग हवेवर जगणारे जीव गुदमरतात आणि हवेवाचून जगणाऱ्यांचे राज्य सुरू होते. त्यांचेही काम कुजवण्याचेच, पण ते रेंगाळत चालते आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडत चालते. ढीग थंड पडतो, काळा चिखल होतो, त्यावर माश्या बसतात.

कोंबडीच्या विष्ठेची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते आणि नत्र भरपूर. दहा भागांना जेमतेम एक भाग नत्र एवढे तिचे कर्ब-नत्राचे प्रमाण तगडे. उकिरड्याला हवे असते पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडून जाते. नाकाला झोंबतो तो हाच. तेव्हा नाकाने निदान करता येते. डोळ्यांत पाणी आणणारा तिखट वास आला तर कोरडा पाला कमी पडला, आणि सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त झाले. दोन्ही आजारांवर पातेरा आणि पेंढा हे औषध चालते, पण दुसऱ्यात आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते.

खरी गंमत, किंवा खरी पंचाईत, पुढेच आहे. उकिरड्याला साठ टक्के ओल मानवते. कोंबडीच्या पायाखालच्या गादीत मात्र ती पंचवीस-तीस टक्क्यांवर जाता कामा नये. गादी त्याहून ओली झाली की तिचे ढेकूळ होते, अमोनिया साचतो, कोंबड्यांच्या तळपायांना जखमा होतात. त्याहून वाईट म्हणजे रक्ती हगवण. तिचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतात आणि मग उकरणाऱ्या चोचीतून पोटात जातात. कोवळ्या पिलांना आणि तलंगांना हा रोग उभ्याउभ्या नेतो. एकाच परसात एकाला ओल हवी आणि दुसऱ्याला कोरडे हवे, या दोघांचा संसार चालवायचा म्हणजे पाणी कुठे थांबेल आणि कुठे थांबणार नाही, हे माणसाने ठरवायला हवे.

गडगा गेला, भिंत आली

आमच्या परसात हे इतकी वर्षे आपोआप ठरत आले होते. परसाला उतार आहे. उताराच्या टोकाला शेजाऱ्यांच्या आणि आमच्या हद्दीवर गडगा होता. जांभ्या दगडांचा, चुना-सिमेंटशिवाय नुसता रचलेला. ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी पाणी दगडांच्या फटींतून झिरपत पलीकडे जायचे आणि तिथून खालच्या पऱ्याला मिळायचे. गडगा म्हणजे हद्दीची खूण, हे सर्वांना ठाऊक होते. तो पाण्याची चाळण आहे, हे तो जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पाच-सहा वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी मुंबईच्या मुलाच्या पैशांतून घर नवे केले आणि गडग्याच्या जागी चिऱ्याची, सिमेंटने सांधलेली भिंत उभी राहिली. भिंत त्यांच्या हद्दीत, त्यांच्या पैशांची. बोलायला जागा नव्हती. त्या वर्षी तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसूचा पाऊस सलग सहा दिवस कोसळला आणि परसात घोट्याएवढे पाणी साचले. जांभ्याची जमीन पाणी पिते म्हणतात, ते खरेच आहे. पण कोंबड्यांनी जिथले गवत टोचून संपवलेले असते, तिथे पावसाचे टपोरे थेंब मातीचा वरचा थर बडवून बडवून शाडूसारखा करतात, आणि त्यातून पाणी खाली उतरत नाही. उकिरड्याचा चौकोन म्हणजे काळ्या पाण्याची टाकी झाली. चौथ्या दिवशी वास सुटला. आठवड्याभरात तीन तलंगा मेल्या आणि दोन कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसल्या.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विष्ठा पाहून रक्ती हगवण सांगितली. औषध पाण्यातून द्यायला दिले आणि म्हणाले, "वहिनी, औषधानं कोंबडी वाचेल, पण जमीन काही वाळायची नाही. ती आधी वाळवा, नाहीतर पुढच्या महिन्यात परत याल."

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "वहिनी, हा वास सहन होत नाही. घरात लहान नातू आहे, डास केवढे झालेत. कोंबड्या काढा, नाहीतर मला ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागेल." वासाला आणि डासांना ते वैतागले होते यात त्यांचे काहीच चुकत नव्हते. पाणी तुंबले होते त्यांच्या भिंतीमुळे, हेही तितकेच खरे होते. अशा वेळी दोन्ही बाजू खऱ्या असतात आणि म्हणूनच भांडण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. माझे यजमान म्हणाले, "आई, विकून टाकू कोंबड्या. कशाला कटकट?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो पैशांचा डबा फळीवरून काढून पुसला आणि परत ठेवून दिला. मला ते पाहवले नाही.

दोन पाणी वेगळी

पाऊस जरा उघडताच आम्ही कामाला लागलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की परसात एक पाणी नसते, दोन असतात. एक आभाळातले स्वच्छ पाणी आणि दुसरे उकिरड्यातून निथळलेले काळे पाणी. पहिले दुसऱ्याला भेटण्याआधीच त्याला वाटेला लावले, की दुसरे उरते ते अगदी थोडे.

खुराड्याचे पत्र्याचे छप्पर सुमारे नऊ चौरस मीटरचे. शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि आमच्याकडे जुलैत असे दिवस काही विरळा नव्हेत, की त्या छपरावरून नऊशे लिटर पाण्याच्या पागोळ्या एकाच रेषेत, नेमक्या उकिरड्याच्या कडेवर पडत. पडलेल्या पोफळीचे खोड मधोमध चिरून, आतला गाभा कोरून आम्ही जुन्या पद्धतीची पन्हळ लावली आणि ते पाणी बाजूला काढले. मग परसाच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर खणून उतारावरून येणारे पाणी उकिरड्याला वळसा घालून पुढे नेले.

मग उकिरडा हलवला. फावड्याने सगळा चिखल उपसून कडेला पसरला आणि त्यात कोरडा पातेरा, पेंढ्याचे तुकडे व तूस कालवले. जुनी जागा सोडून हातभर उंचीवर नवे जोते केले. तळाला चिऱ्याचे तुकडे, त्यावर नारळाची सोडणे, त्यावर वाळक्या फांद्यांचा आडवा-उभा थर. खालून हवा शिरायची वाट ती हीच. त्यावर एक टोपली ओले तर तीन टोपल्या कोरडे या हिशेबाने ढीग रचला, माथा चपटा न ठेवता घराच्या छपरासारखा उतरता केला, आणि वर नारळाच्या झावळ्यांचे झाप शाकारले. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गुंडाळला तर पाऊस अडतो, पण वाराही अडतो. झाप पाणी घसरवतो आणि श्वास घेऊ देतो. कोंबड्यांना उकरायला एक बाजू उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली तर ती हाताला चटका देत होती. उकिरडा जिवंत झाला होता.

शेजारपाजारच्या बायकांनी चुना टाका, राख टाका, फिनेल ओता असे सुचवले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण चुना आणि राख ओल्या विष्ठेत गेली की अमोनिया आणखी जोराने उडतो. वासही वाढतो आणि खतातले नत्रही जाते. फिनेल तर कुजवणारे जीवच मारते. चुना हवा असेल तर खुराड्याची रिकामी, झाडलेली जमीन सारवायला वापरावा, ढिगात नको.

उरले ते काळे पाणी. त्यात नत्र असते, आणि जांभ्याच्या पोटातल्या भोकांतून ते विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला आणि पन्नास फुटांपलीकडे हवा, तसा तो आमचा आहे. त्याच्या पायथ्याशी आम्ही अळू, कर्दळ आणि दोन केळी लावल्या. मोरीच्या पाण्यावर अळू लावायची आपल्या आज्यांची रीत काही उगाच नव्हती.

भिंतीला मोरी

आता प्रश्न उरला साऱ्या पाण्याला पऱ्यापर्यंत नेण्याचा, आणि मध्ये ती भिंत. सासूबाई स्वतः शेजाऱ्यांकडे गेल्या. मीही बरोबर होते. त्यांनी वासाचा विषय काढला नाही, कोंबड्यांचाही नाही. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भिंतीच्या पायाशी आमच्या बाजूनं पाणी उभं आहे. पाया भिजतोय. उद्या भिंत तुमच्याच अंगणात यायची, नातू खेळतो तिथं."

शेजारी छत्री घेऊन आमच्या परसात आले. त्यांनी पाणी पाहिले, भिंतीला आलेला ओलावा पाहिला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "पण पाणी माझ्या अंगणातून जाणार, ते घाणेरडं नसेल ना?" सासूबाईंनी त्यांना नवा चर दाखवला, अळू दाखवले, झापाखालचा ढीग दाखवला. त्यांनी वाकून वास घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच गवंडी आला आणि भिंतीच्या पायात तीन ठिकाणी चार-चार इंची पाइप बसवून, जाळ्या लावून गेला. पलीकडे त्यांनी चर खणून घेतला. अर्ज ग्रामपंचायतीत गेला नाही.

जुने जाणकार

पुढे वाचनात आले की हे शहाणपण नवे नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला केलेल्या प्रयोगांवरचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले. खताच्या 'इंदूर पद्धती'चे नाव तिथलेच. कोरड्या दिवसांत खड्डे, आणि पावसाळ्यात मात्र जमिनीवर ढीग, असा भेद त्या पद्धतीत आहे, कारण खड्ड्यात पाणी भरते. आपल्याकडे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची 'नाडेप' पद्धत प्रसिद्ध आहे. त्यांच्या विटांच्या टाक्याच्या भिंतींना जागोजाग भोके ठेवलेली असतात, ती हवेसाठी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा त्या टाक्यात भरताना दीड-दोन हजार लिटर पाणी मुद्दाम घालावे लागते. विदर्भात पाणी घालायचे, कोकणात पाणी काढायचे. भोके मात्र दोन्हीकडे हवीतच.

डासांचे म्हणाल तर त्यांचा गणिती हिशेब आहे. उबेच्या दिवसांत अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची प्रत्येक भांडी-कुंडी पालथी करायची, म्हणजेच 'कोरडा दिवस' पाळायचा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. तेव्हा कोंबड्यांचे पाणी पिण्याचे परळ, करवंट्या आणि झापाच्या खोलगट देठांत साचलेले पाणी हे घाणीच्या डबक्याइतकेच पाहावे लागते. डबक्यावर रानातले पाणपक्षीही उतरतात, आणि २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने जे केले ते ज्यांना आठवते, ते परसात डबके राहू देणार नाहीत. उंदरांच्या मुतातून लेप्टोही अशाच पाण्यात येतो. चिखलात उतरायचे तर पायात गमबूट हवेत आणि हातापायांवरच्या जखमा झाकलेल्या हव्यात. ताजे खत कच्च्या खाण्याच्या भाजीला कधीही घालू नये. ते तापून, निवून, चांगले तीन-चार महिने मुरू द्यावे.

मात्र हे सारे पाऊस सुरू झाल्यावर करू म्हटले तर होत नाही. कोकणात मे महिना हा बेगमीचा. पापड, फेण्या, सुकी मासळी, सरपण सारे आगोटीला भरून ठेवायचे. आमच्या घरी आता त्या यादीत पातेऱ्याची भर पडली आहे. पंधरा-वीस पोती पातेरा आणि चार पोती तूस पडवीत कोरडे रचले की पावसाळा निभावतो. पूर्वी हाच पातेरा भाजावळीत जाळला जायचा किंवा अंगण झाडून कोपऱ्यात पेटवला जायचा. जळणारे ते सोने आहे, हे जुलैत कळते.

एक गोष्ट मात्र पोत्यांत भरून ठेवता येत नाही. गावोगाव आता गडगे जाऊन भिंती येत आहेत. पैसा आला, मुले परगावी गेली, हद्दी पक्क्या कराव्याशा वाटतात. त्यात गैर काही नाही. पण पाणी सात-बारा वाचत नाही. आपल्या परसातले पाणी दुसऱ्याच्या परसातून जाणार आणि त्याचे आपल्या, हा कोकणातला न लिहिलेला करार आहे. भिंत बांधणाऱ्याने मोरी ठेवावी, आणि वरच्याने आपले पाणी स्वच्छ करून सोडावे, एवढेच त्याचे कलम.

दर वर्षी मृगाच्या आधीच्या रविवारी आम्ही आमच्या बाजूने आणि शेजारी त्यांच्या बाजूने त्या तीन मोऱ्यांच्या जाळ्या साफ करतो. अडकलेला पाला निघतो, तो उकिरड्यावर जातो. या वर्षी त्यांच्या नातवाने जाळीतून एक कोंबडीचे पीस ओढून काढले आणि ते आमच्याकडे भिरकावत विचारले, "आजी, अंडी कधी देणार?" सासूबाई म्हणाल्या, "पाऊस लागू दे, बाळा. भाव मात्र तोच हं!"